काळजीवाहू, हंगामी की प्रतिसरकार?

प्रश्न असा आहे : आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातला नेता मायकेल कॉलिन्स याच्यावर मराठीत लिहिताना त्याच्या १९२२च्या सरकारला 'काळजीवाहू' म्हणावं की 'हंगामी'?

हंगामीच म्हणावं. काळजीवाहू सरकार म्हणजे राजीनामा दिलेलं किंवा मुदत संपलेलं, नवं येईपर्यंत गाडा ओढणारं. कॉलिन्सचं सरकार ज्या राज्यासाठी नेमलं, ते राज्य, म्हणजे आयरिश फ्री स्टेट, अजून जन्मायचं होतं. ब्रिटन आणि आयरिश नेते यांच्यातल्या ६ डिसेंबर १९२१च्या कराराच्या सतराव्या कलमात मुदतही घातलेली होती : करारापासून जास्तीत जास्त बारा महिने. 'हंगाम' मूळ फारसी, म्हणजे वेळ, काळ. ठरावीक काळापुरतं ते हंगामी. साखर कारखान्यावरचा हंगामी कामगार तसा, आणि नेताजींनी १९४३ साली सिंगापुरात स्थापलेलं आझाद हिंदचं हंगामी सरकारही तसंच.

पण कॉलिन्ससाठी एवढ्यावर भागत नाही. इंग्रजांविरुद्धच्या १९१६च्या ईस्टर उठावात लढून, वेल्समधल्या छावणीत स्थानबद्धता भोगून आलेला हा माणूस १९१९पासून आयरिश संसदेच्या, म्हणजे डॉलच्या, सरकारात अर्थमंत्री होता. इंग्रजांनी बंदी घातली तरी ते सरकार भूमिगत चालू राहिलं. एका हाताने तो आयआरएचं, म्हणजे इंग्रजांशी लढणाऱ्या आयरिश सेनेचं, हेरखातं चालवी, दुसऱ्या हाताने राष्ट्रीय कर्ज उभारून त्याचा हिशेब ठेवी. त्या सरकारची स्वतःची न्यायालयंसुद्धा होती. याला आपल्याकडे साताऱ्याच्या मातीतला शब्द आहे : प्रतिसरकार. क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या साथींनी १९४३पासून गावोगाव न्यायनिवाडा केला, तो याच जातीचा कारभार. 'समांतर सरकार' मला फिकं वाटतं. समांतर रेषा एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. 'प्रति'त विरोधही आहे आणि बरोबरीचा दावाही : प्रतिस्पर्धी म्हणा, प्रतिपंढरपूर म्हणा.

जानेवारी १९२२पासून तर दोन्ही सरकारं एकाच वेळी होती. डॉलच्या सरकारचा अध्यक्ष आर्थर ग्रिफिथ, हंगामीचा कॉलिन्स, आणि दोन्हींकडे अर्थखातं कॉलिन्सकडेच! दोन वेगळे शब्द वापरले नाहीत तर वाचक इथे हमखास गोंधळतो. 'पंतप्रधान' मात्र लिहू नये. 'हंगामी सरकारचा अध्यक्ष' नेमकं आहे.

त्याची कारकीर्द जेमतेम सात महिन्यांची. कराराचे समर्थक आणि विरोधक यांच्यातल्या यादवी युद्धात २२ ऑगस्टला, स्वतःच्याच कॉर्क परगण्यात, दबा धरून बसलेल्यांच्या गोळीने तो गेला, वय ३१. पुढे विल्यम कॉसग्रेव्ह अध्यक्ष झाला आणि ६ डिसेंबर १९२२ला आयरिश फ्री स्टेट अस्तित्वात येऊन हंगामी सरकार संपलं.