तहकूब, स्थगित आणि संस्थगित: विधान परिषदेचे कामकाज कोणत्या शब्दाने थांबते?

विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या अखेरच्या दिवसाच्या बातम्या वाचून एका वाचकाने विचारले आहे की, विधान परिषद एका वृत्तपत्रात ‘तहकूब’, दुसऱ्यात ‘स्थगित’ आणि तिसऱ्यात ‘संस्थगित’ झालेली दिसते. हे तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत काय, आणि नसतील तर कोणता कोठे वापरावा? चौथ्या एका बातमीत परिषद ‘बरखास्त’ झाल्याचेही त्यांनी वाचले आहे. थोडक्यात उत्तर असे की, पहिले दोन शब्द एकमेकांच्या जागी चालून जातात, तिसरा त्यांच्या जागी कधीही चालत नाही, आणि चौथा विधान परिषदेला मुळातच लागू पडत नाही.

‘तहकूब’ हा अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आलेला आणि येथे पुरता मुरलेला शब्द आहे. चालू असलेली गोष्ट पुन्हा सुरू करण्याच्या अपेक्षेने थांबवणे, हा त्याचा गाभा. लढाई थांबली पण तह झालेला नाही, अशा अवस्थेला आपण ‘युद्धतहकुबी’ म्हणतो, ते यामुळेच. हा अर्थ सर्वांत स्पष्ट दिसतो तो गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेच्या सूचनापत्रात. ‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल’ अशा अर्थाची तळटीप ज्यांनी वाचली आहे, त्यांना ‘तहकूब सभा’ ही नवी सभा नसते, जुनीच सभा पुढे चालू होते, हे वेगळे सांगावे लागणार नाही. विषय तेच राहतात; मध्ये फक्त वेळ जातो.

‘स्थगित’ संस्कृत आहे आणि त्याचा इतिहास अधिक मनोरंजक आहे. ‘स्थग्’ या धातूचा मूळ अर्थ झाकणे, लपवणे असा आहे. त्याच कुळातल्या ‘स्थग’ या शब्दापासून आपला ‘ठग’ आला. झाकून ठेवलेली वस्तू नाहीशी होत नाही, झाकण काढले की पुन्हा समोर येते, आणि आजच्या ‘थांबवून ठेवलेले’ या अर्थाशी हे चांगले जुळते. परिषदेत गोंधळ वाढला की पीठासीन अधिकारी दहा-पंधरा मिनिटांसाठी बैठक थांबवतात. त्याला कोणी ‘स्थगित’ म्हटले, कोणी ‘तहकूब’ म्हटले, तर त्यातले एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध ठरवण्याचा हट्ट मी धरणार नाही. तरीही बारकाईने लिहू इच्छिणाऱ्यांसाठी एक आधार उपलब्ध आहे. राज्यघटनेच्या १८९व्या अनुच्छेदानुसार गणपूर्ती (बैठक चालण्यासाठी लागणारी किमान उपस्थिती) म्हणजे दहा सदस्य किंवा एकूण सदस्यसंख्येचा दहावा भाग, यांपैकी जी संख्या अधिक असेल ती. ७८ सदस्यांच्या आपल्या महाराष्ट्राच्या परिषदेत ती दहा भरते. तेवढे सदस्य हजर नसतील तर पीठासीन अधिकाऱ्यापुढे दोन वेगवेगळे मार्ग ठेवलेले आहेत: सभागृहच उठवणे, किंवा गणपूर्ती होईपर्यंत बैठक नुसती थांबवून ठेवणे. पहिल्यासाठी ‘तहकूब’ आणि दुसऱ्यासाठी ‘स्थगित’ अशी वाटणी केली, तर ‘बैठक पंधरा मिनिटांसाठी स्थगित झाली’ आणि ‘सभागृह दिवसभरासाठी तहकूब झाले’ ही दोन्ही वाक्ये आपापल्या जागी नेमकी बसतात. मला स्वतःला हीच वाटणी आवडते.

येथे ‘स्थगन प्रस्ताव’ या शब्दाने अनेकांची फसगत होते. स्थगन प्रस्ताव मांडणारा सदस्य सभागृह बंद करा असे म्हणत नाही. दिवसाच्या कामकाजाचा ठरलेला क्रम बाजूला सारून एखाद्या तातडीच्या विषयावर आधी चर्चा घ्या, असे तो म्हणतो. परिषदेत विरोधी पक्ष ‘२८९ अन्वये’, म्हणजे परिषदेच्या नियम २८९ खाली, चर्चा मागतो, ती याच स्वरूपाची असते. स्थगित व्हायचे असतात ते प्रश्नोत्तरे, लक्षवेधी, विशेष उल्लेख हे त्या दिवसाचे नेहमीचे विषय. एखादाच प्रश्न किंवा लक्षवेधी पुढे गेली, तर तिला ‘राखून ठेवली’ म्हणतात. हा प्रयोग इतका सुबोध आहे की तेथे ‘स्थगित’ आणण्याचे कारणच नाही.

आता ‘संस्थगित’. ‘सम्’ हा उपसर्ग येथे केवळ भारदस्तपणासाठी जोडलेला नाही; त्याच्यामुळे कर्ता बदलतो. तहकूब करतात ते सभापती, आणि ते नसतील तेव्हा उपसभापती किंवा तालिका सभापती (त्यांच्या गैरहजेरीत आसनावर बसणारे नियुक्त सदस्य). संस्थगित करतात ते राज्यपाल, अनुच्छेद १७४ अन्वये, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. त्यांचा संदेश सभागृहात वाचून दाखवला जातो. तहकुबीने बैठक थांबते, संस्थगितीने अधिवेशन संपते. म्हणूनच सभागृह बेमुदत तहकूब झाले असले, तरी संस्थगित होईपर्यंत अधिवेशन कायद्याच्या दृष्टीने चालूच असते. हा भेद केवळ कोशातला नाही. अनुच्छेद २१३ प्रमाणे दोन्ही सभागृहांचे अधिवेशन चालू असताना राज्यपालांना अध्यादेश काढता येत नाही. तेव्हा दोन्ही सभागृहे तहकूब आहेत की संस्थगित, या एका शब्दावर अध्यादेशाचा मार्ग मोकळा आहे की बंद, हे ठरते. संस्थगितीमुळे प्रलंबित विधेयके मात्र व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होत नाहीत, ही ग्वाही अनुच्छेद १९६ देतो. बातमीदारांना एवढी काटेकोर भाषा मथळ्यात नको असेल, तर ‘अधिवेशनाचे सूप वाजले’ हा आपला घरचा वाक्प्रचार आहेच; तो अर्थानेही ‘संस्थगित’च्या जवळचा आहे, कारण सूप वाजते ते सोहळा संपल्यावर, मधल्या विश्रांतीत नव्हे.

राहिला ‘बरखास्त’. विधानसभा बरखास्त होते, विसर्जित होते; विधान परिषद होत नाही. अनुच्छेद १७२ने तिला स्थायी सभागृह ठरवले आहे, आणि तिचे सुमारे एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होत असतात. सदस्य बदलतात, सभागृह तेच राहते. परिषद अजिबात नाहीशी करायची असेल, तर अनुच्छेद १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करावा लागतो आणि मग संसदेला कायदा करावा लागतो. पश्चिम बंगालची परिषद १९६९ मध्ये आणि तामिळनाडूची १९८६ मध्ये अशीच गेली. त्या घटनेला ‘रद्द केली’ किंवा ‘संपुष्टात आणली’ म्हणावे. विसर्जनानंतर निवडणूक होऊन नवे सभागृह येणे गृहीत असते, येथे तसे काही गृहीत नसते, आणि ‘बरखास्त’ लिहिल्याने वाचकाची नेमकी तीच दिशाभूल होते.

त्यामुळे प्रश्नकर्त्यांनी पाठवलेल्या कात्रणांतली वाक्ये मी अशी दुरुस्त करीन: ‘गोंधळामुळे विधान परिषदेची बैठक दोन वेळा स्थगित झाली, सायंकाळी सभापतींनी सभागृह तहकूब केले, आणि राज्यपालांच्या संदेशाच्या वाचनानंतर अधिवेशन संस्थगित झाले.’