वाचक विचारतात : जर्मेनबाईंचा पत्रा, वाळू आणि मूळ संख्या

प्रश्न : शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेन यांच्यावर तक्ता लावायचा आहे. मेणबत्ती आणि पुरुषाचं नाव, या दोन गोष्टी सगळीकडे सापडतात. त्यापुढे काय लिहावं? (एक शिक्षिका, अंबाजोगाई)

उत्तर : त्या दोन्ही गोष्टी दोन ओळींत उरका. जन्म पॅरिसचा, १ एप्रिल १७७६. रात्री गणित वाचू नये म्हणून घरच्यांनी मेणबत्त्या काढून घेतल्या. १७९४ मध्ये इकोल पॉलिटेक्निक हे तांत्रिक महाविद्यालय निघालं, तिथे मुलींना प्रवेश नव्हता. मग व्याख्यानांच्या नोट्स मिळवून त्यांनी ‘ल ब्लाँ’ या पुरुषी नावाने गणितज्ञ लाग्रांजला लेखी काम पाठवलं. पुढे त्याच नावाने जर्मन गणितज्ञ गाऊसशी पत्रव्यवहार केला. आपला पत्रमित्र बाई आहे हे गाऊसला कळलं तेव्हा, १८०७ च्या पत्रात, त्याने भरभरून कौतुक केलं. एवढं पुरे. उरलेली जागा कामाला द्या : कंप पावणाऱ्या पत्र्याचं गणित आणि फर्माच्या प्रमेयावरचं काम (घात दोनपेक्षा मोठा असेल तर दोन धन पूर्ण संख्यांच्या तशा घातांची बेरीज तिसऱ्या संख्येचा तोच घात कधीच होत नाही, असं ते प्रमेय).

तक्त्यावर तीन चुका हमखास होतात. ‘फर्माचं प्रमेय सोडवलं’ असं लिहू नका. ते १९९५ मध्ये अँड्र्यू वाइल्स यांच्या सिद्धतेने सुटलं. पत्र्याच्या कंपनांचं गणित मांडण्याबद्दलचं बक्षीसही एका फटक्यात मिळालं नाही. १८११ ला एकमेव निबंध त्यांचाच होता, तरी नाकारला गेला. १८१३ ला नुसता सन्माननीय उल्लेख झाला आणि बक्षीस मिळालं ते जानेवारी १८१६ मध्ये. तिसरी चूक फोटोची. बाई गेल्या २७ जून १८३१ रोजी. छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं १८३९ मध्ये. तेव्हा जर्मेन म्हणून कुणाचाही फोटो दिसला, तर तो दुसऱ्याच कुणा बाईंचा आहे हे ओळखा. चित्र लावा, फोटो नको.

प्रश्न : पत्रा वाजवला की त्यावरच्या वाळूची नक्षी उमटते, तो प्रयोग आम्ही स्टीलच्या ताटावर रांगोळी टाकून केला. नुसता आवाज आला, नक्षी नाही. थोडी जमली तीही चित्रात दाखवतात त्याच्या उलट. काय चुकलं? (विज्ञान मंडळ, सेलू)

उत्तर : ताट आणि रांगोळी, दोन्ही चुकलं. ताटाचा उभा काठ कडेला ताठ करून टाकतो, आणि नक्षीसाठी तर कडा मोकळी हवी. पत्र्याच्या दुकानातून अॅल्युमिनियमचा किंवा पितळेचा सपाट तुकडा कापून आणा : २० सेंमी चौरस, १ मिमी जाड. पोचा आलेला नको. कडांवर कानस फिरवा, नाहीतर पत्रा वाजवायला वापरायच्या व्हायोलिनच्या गजाचे केस तुटतील. बरोबर मध्ये ६ मिमीचं भोक पाडून पत्रा बोल्टने लाकडी खुंटावर बसवा, वर-खाली रबरी वायसर घाला. पत्रा पाणसळीत ठेवा, नाहीतर सगळी वाळू एका बाजूला घरंगळते.

आता वाळू. बाजारच्या रांगोळीत अगदी बारीक भुकटी असते. मोठे कण जिथे पत्रा हलत नाही त्या रेषांवर जाऊन थांबतात, पण भुकटीला पत्र्यालगतची हवा उचलते आणि जिथे पत्रा सर्वांत जास्त हलतो तिथे नेऊन ठेवते. म्हणून तुमची नक्षी उलटी आली. हे कारण इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवलं. गोदाकाठची वाळू घ्या, धुऊन माती काढा, कढईत कोरडी भाजा, पिठाच्या चाळणीतून चाळा. पुन्हा एकदा फुंकर मारून धूळ उडवा. बारीक रवाही चालतो. पावसाळी हवेत दोन्ही ओलसर होतात, तेव्हा प्रयोगाच्या अगोदर परत भाजा. पत्र्यावर दोन चमचे पुरे, जास्त झाली की रेषा बुजतात.

व्हायोलिनच्या गजाला राळ चोळा. एका बाजूच्या मध्यावर बोट टेकवा आणि गज कोपऱ्याजवळ कडेवर वरून खाली ओढा : अधिक चिन्हासारखी नक्षी येईल. आता बोट कोपऱ्यावर ठेवा आणि गज बाजूच्या मध्यावर ओढा : नक्षी फुलीची होईल. बोट जिथे, तिथे पत्रा स्थिर, म्हणजे वाळूची रेषा त्या जागेतून जाणारच. गज घसरून नुसता खरखरला तर राळ कमी पडली आहे.

या नक्ष्या जर्मन शास्त्रज्ञ श्लाडनी यांनी पॅरिसमध्ये दाखवल्या. यांचं गणित मांडा म्हणून १८०९ मध्ये ३००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं. जर्मेनबाईंनी पत्र्याची वक्रता आणि तो सरळ होऊ पाहतो ती ताकद यांचा संबंध जोडला. हा मूळ विचार बरोबर होता. चूक झाली ती समीकरण काढताना, आणि ती लाग्रांज यांनी दुरुस्त केली. कडेच्या अटी, म्हणजे पत्र्याच्या मोकळ्या कडेला काय घडतं त्याचे नियम, तर जर्मन शास्त्रज्ञ किरखोफ यांनी १८५० मध्ये नीट बसवल्या. पण त्या समीकरणातून जे निघतं ते तुम्ही कानाने तपासू शकता. त्याच जाडीचा १० सेंमीचा पत्रा घ्या, तीच नक्षी आणा : स्वर दोन सप्तकं वर जाईल. २० सेंमीचाच पण २ मिमी जाड घेतलात तर एकच सप्तक वर. वारंवारता जाडीच्या पटीत वाढते आणि लांबीच्या वर्गाच्या पटीत घटते.

प्रश्न : जर्मेन मूळ संख्या चटकन कशा ओळखायच्या? आणि दुप्पट अधिक एकचाच हट्ट का? (दहावीचा विद्यार्थी, उदगीर)

उत्तर : मूळ संख्येची दुप्पट अधिक एक हीसुद्धा मूळ संख्या आली, तर पहिली जर्मेन मूळ संख्या. शंभराच्या आत दहा आहेत : २, ३, ५, ११, २३, २९, ४१, ५३, ८३, ८९. चाळण्या दोन. शेवटी ७ असेल तर सोडा, कारण दुप्पट अधिक एकच्या शेवटी ५ येतो. आणि ३ पेक्षा मोठ्या संख्येला ३ ने भागल्यावर बाकी १ उरली तरी सोडा, कारण मग दुप्पट अधिक एकला ३ ने भाग जातो. दोन्ही चाळण्यांतून निसटून फसवणाऱ्या दोनच आहेत, ५९ आणि ७१. ११९ म्हणजे ७×१७ आणि १४३ म्हणजे ११×१३. परीक्षेत घात होतो तो इथेच.

हट्ट का, ते ५ वर पाहा. दुप्पट अधिक एक ११. कुठल्याही संख्येच्या पाचव्या घाताला ११ ने भागा, बाकी ०, १ किंवा १० एवढीच येते. २⁵ = ३२, बाकी १०. ३⁵ = २४३, बाकी १. ७⁵ = १६८०७, बाकी १०. आता क⁵ + ख⁵ = ग⁵ असं समजा आणि तिघांपैकी कुणालाच ११ ने भाग जात नाही असं धरा. डावीकडे १+१ म्हणजे २, १+१० म्हणजे ०, १०+१० म्हणजे ९. उजवीकडे १ किंवा १० हवी. जमतच नाही, म्हणजे तिघांपैकी एकाला ११ ने भाग जायलाच हवा. इथून पुढे जात जर्मेनबाईंनी दाखवलं की असं समीकरण असलंच, तर तिघांपैकी एकाला ५ नेही भाग जायला हवा. तिघांपैकी कुणालाच घातांकाने भाग जात नाही, ही शक्यता निकालात काढणं, फर्माच्या प्रमेयाचा पहिला भाग तो हाच.

७ ची दुप्पट अधिक एक १५, ती मूळ संख्या नाही, म्हणून चालत नाही. मग चौपट अधिक एक, २९ घ्यायचे. अशा युक्त्यांनी १०० च्या आतल्या सगळ्या विषम मूळ संख्यांपर्यंत त्या पोचल्या. हे छापून आलं ते फ्रेंच गणितज्ञ लजांद्र यांच्या निबंधात, जर्मेनबाईंच्या नावाच्या तळटीपेसह. जर्मेन मूळ संख्या अनंत आहेत का, हे आजही सिद्ध झालेलं नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेत १०००४ चे अवयव विचारले होते. मुलगा सांगतो यातही सोफी जर्मेन आहेत. खरं का? (एक पालक, हिंगोली)

उत्तर : मुलगा बरोबर आहे. अ⁴ + ४ब⁴ = (अ² + २ब² + २अब)(अ² + २ब² − २अब), ही नित्य समानता त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मधलं ४अ²ब² आधी मिळवायचं, मग वजा करायचं, की दोन वर्गांचा फरक तयार. १०००४ मध्ये अ = १०, ब = १, म्हणून १२२×८२. मुलाला आता ४⁷ + ७⁴ द्या. ४⁷ म्हणजे ४×८⁴ हे सुचलं की अ = ७, ब = ८, आणि उत्तर २८९×६५.