नवी मुंबईत कारखान्याच्या कॅन्टीनसाठी सोलर डिश (ऊन एकवटून वाफ करणारा वाडग्यासारखा आरसा) बसवल्यास हवामानाचा किती फरक पडतो? उकाड्याने क्षमता घटते का? खर्च किती वर्षांत वसूल होतो?

"शिर्डीच्या प्रसादालयावर 73 डिश बसवल्यात, मग महापेत का नाही?" हे ऐकून माझे कान किटलेत, म्हणून लिहितोय. शिर्डी पर्जन्यछायेत आहे, आपण खाडीकाठी.

डिश फक्त थेट ऊन एकवटते. ढग, धूर, बाष्प यांनी विखुरलेला उजेड विजेच्या पॅनेलला चालतो, डिशला नाही. दुप्पट एकवटणाऱ्या सीपीसीला (पन्हाळीसारख्या खोलगट आरशाला) त्यातला जेमतेम निम्मा मिळतो; शंभरपट एकवटणाऱ्या डिशला शेकडा एक. त्यामुळे कोटेशनमध्ये जीएचआय (आडव्या जागेवरचं थेट आणि विखुरलेलं मिळून एकूण ऊन) धरला असेल तर ते सरळ परत करा. डीएनआय (सूर्याला सामोऱ्या जागेवरचं फक्त थेट ऊन) मागा, तोही महिनावार. जून ते सप्टेंबर मी शून्यच धरतो.

शेफलर डिशचा (शिर्डीत आहे तोच प्रकार) आरसा 16 चौरस मीटर, पण तो तिरका असल्याने उन्हाला सामोरं क्षेत्र ऋतूनुसार साधारण 9 ते साडेतेरा. क्षेत्र साडेअकरा, डीएनआय चौरस मीटरला 700 वॅट आणि निम्मी उष्णता वाफेत गेली असं धरा: 4 किलोवॅट, म्हणजे ताशी पाच-सहा किलो वाफ. तेही स्वच्छ आकाशात आणि पुसलेल्या आरशावर.

पुसणं हीच खरी मेख. हिवाळ्यात पहाटेचं दव आणि खाणी-बांधकामांची धूळ मिळून आरशावर चिकट थर बसतो. काचेच्या आरशात किरण हा थर दोनदा ओलांडतो, आत जाताना आणि परतताना, म्हणून पॅनेलपेक्षा इथे मार जास्त. सकाळी डिश फोकसला आणण्यापूर्वी आधी पाणी मारा, मग मऊ कापड. कोरडं फडकं लावलंत तर धुळीतली रेव काचेवर ओरखडे पाडते. बोअरचं पाणी नको, क्षारांचे डाग राहतात. खाऱ्या दमट हवेने आरशांच्या कडा काळ्या पडतात; कडा सील केलेल्या आणि सांगाडा गॅल्व्हनाइज्ड आहे का, हे माल उतरवतानाच बघा.

उकाड्याने पॅनेल मंदावतं, डिश नाही. उलट रिसीव्हरची (ऊन जिथे एकवटतं त्या भांड्याची) उष्णता थोडी कमी वाया जाते. ती खरी पळवतो वारा.

वसुलीचं म्हणाल तर वर्षाचे आठच महिने धरून हिशोब करा आणि जुना बॉयलर लाइनवर ठेवा, कारण ढग आला की दाब उतरतो. मात्र फक्त बॉयलरचं फीडवॉटर (आत सोडायचं पाणी) तापवायचं असेल तर माझा एवढा विरोध नाही. त्याला डिशही नको, व्हॅक्यूम ट्यूब (सोलर हीटरच्या निर्वात काचनळ्या) पुरतात.