वसंतातली बागकामं: आधी माती मुठीत घेऊन बघा

तुम्ही विचारलंय की थंडी ओसरल्यावर बागेतली कामं कोणत्या क्रमाने करायची आणि कोणत्या चुका टाळायच्या. सोबत हेही लिहिलंय की गेल्या वर्षी पहिल्याच उबदार सुट्टीत छाटणी, खत, कुंड्या बदलणं, बी पेरणं असं सगळं दोन दिवसांत उरकलंत आणि महिन्याभरात निम्मी रोपं गेली. एक जास्वंद नुसत्या काटक्या होऊन उभी आहे, ती टाकायची का, असंही विचारलंय. जास्वंद आज टाकू नका. तिच्याकडे शेवटी येते.

कामं तुम्ही योग्यच निवडली होती. ती सगळी एकदम झाली, हे झाडांना झेपलं नाही. फांद्या कापल्या की नवी पालवी काढायला झाडाला साठवलेली ताकद खर्चावी लागते. कुंडी बदलताना तुटलेली बारीक मुळं परत आणायला तीच ताकद लागते. त्यात वरून खत पडलं की मातीतले क्षार वाढतात आणि आधीच दुखावलेल्या मुळांना पाणी ओढणं जड जातं. यातला एकेक धक्का झाड सोसतं, तिन्ही एकत्र आले की मान टाकतं. म्हणून एका झाडाला एका वेळी एकच मोठं काम, आणि पुढच्या कामाआधी दोन-तीन आठवडे विश्रांती. एवढं पाळलंत तरी या वर्षी पुष्कळ रोपं वाचतील.

सुरुवात मातीपासून करा, पण तारीख बघून नको. आपल्याकडे शब्दच आहे, वाफसा, म्हणजे ना चिखल ना कोरडी, खणण्याजोगी ओल. जमीन वाफशावर आल्याशिवाय तिला हत्यार लावायचं नाही. चार बोटं खोलवरची मूठभर माती घ्या, घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा चिखलासारखा चकाकत असेल, हाताला चिकटत असेल, तर खुरपं परत ठेवा. गोळा नीट बसला आणि अंगठ्याने टोचल्यावर भुगा होऊन पसरला, तर वाफसा आला. माती मुठीत बसतच नसेल, तर आदल्या दिवशी पाणी द्या. ओल्या मातीत कुदळ चालवली की कणांमधल्या हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात आणि वाळल्यावर विटेसारखी ढेकळं होतात. मी एकदा चिकणमातीचा वाफा पावसानंतर दुसऱ्याच दिवशी खणला होता. त्या हंगामात त्यातली गाजरं बोटभरसुद्धा सरळ गेली नाहीत, सगळी दुतोंडी निघाली. तेव्हापासून मुठीत माती घेतल्याशिवाय मी कामाला हात लावत नाही.

आवराआवर करतानाही थोडं थांबा. वाळक्या पानांच्या थरात आणि पोकळ काड्यांमध्ये एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्या, ढालकिडे असे बरेच मित्रकीटक थंडी काढतात. पहिल्या उबदार दिवशी सगळं झाडून जाळलं की तेही जातात आणि महिन्याभराने मावा (कोवळ्या शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड) आला की त्याला खाणारं कोणी उरत नाही. पानं खोडापासून बाजूला सारा, रोगट पानं तेवढी उचलून बागेबाहेर टाका, बाकीचं दिवस चांगले उबदार होईपर्यंत राहू द्या. तण मात्र याच काळात काढायचं. आत्ता ते बोटाने मुळासकट निघतं, बी धरल्यावर काढलंत तर काढतानाच पुढच्या वर्षीची पेरणी होते.

आता छाटणी. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ‘वसंतात छाटणी करा’ हा सल्ला अर्धाच असतो. झाड फुलं कुठल्या फांदीवर धरतं हे आधी बघायला हवं. गुलाब, जास्वंद, बोगनवेल, मोगरा ही नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांची छाटणी थंडीच्या शेवटी, कडक गारठ्याची भीती गेल्यावर आणि जोमाने फुटायच्या आधी केली की फुटवे जास्त येतात आणि फुलंही. याउलट अझेलिया, लायलॅक, मोठ्या गुच्छांचा नेहमीचा हायड्रेंजिया यांच्या कळ्या गेल्या हंगामातल्या फांद्यांवर आधीच तयार असतात. त्यांना आत्ता कात्री लावली की त्या वर्षाची फुलंच कापली जातात. त्यांची छाटणी फुलं सरल्यावर लगेच. झाड कुठल्या गटातलं आहे हे आठवत नसेल, तर एक वर्ष फक्त सुकलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा आणि फुलं कुठे येतात ते बघून ठेवा.

गुलाबाला कात्री लावताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे जिथून नवी फांदी फुटते तो उंचवटा, शोधा. त्याच्या वर साधारण अर्धा सेंटीमीटर सोडून, डोळ्यापासून दूर उतरणारा तिरका काप द्या, म्हणजे पाणी डोळ्यावर साचत नाही. मग कापलेल्या टोकाकडे बघा. आतला गर पांढरा किंवा फिकट हिरवा असेल तर झालं. तपकिरी दिसला तर ती काडी आतून मेलेली आहे, अजून थोडं खाली उतरा. कलमाच्या गाठीखालून (जिथे वरचं वाण खालच्या खोडावर जोडलेलं असतं तिथून) येणारा फुटवा दिसताक्षणी मुळापासून ओढून काढा, नाहीतर वरचं निवडक वाण मागे पडतं आणि खालचं रानटी झाड जागा घेतं. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त झाड कापायचं नाही, हा माझा सर्वसाधारण नियम. जुना, धट्टाकट्टा गुलाब याहून कडक छाटणी सोसतो, पण नवख्या हाताने तिथवर जाऊ नये. कात्रीला धार हवी, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ती स्पिरिटने पुसायला हवी. कापलेल्या जागेवर रंग किंवा डांबर लावायची गरज नाही. अमेरिकी वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडांची खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड जखमेभोवती स्वतःच भिंत उभी करतं आणि वरच्या लेपामुळे कूज थांबत नाही.

खताबद्दल माझं मत ठाम आहे: झाडाने आधी हिरवं टोक दाखवायचं, मग आपण खत दाखवायचं. माती गार असताना मुळं फारसं काही घेत नाहीत, दिलेलं पाण्याबरोबर वाहून जातं किंवा क्षार होऊन साचतं. नवे कोंब बोटभर झाले की चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मातीत हलकेच मिसळा. रासायनिक खत देत असाल तर पाकिटावरच्या प्रमाणाच्या निम्म्याने सुरुवात करा आणि आधी माती ओली करून घ्या. नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानं हिरवीगार, मऊ, रसरशीत होतात आणि माव्याला नेमकी तीच आवडतात. कंपोस्टमध्ये अजून देठ, साली ओळखू येत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर ते कच्चं आहे. असं खत कुजताना मातीतलंच नत्र खातं आणि झाड पिवळं पडतं.

कुंडी प्रत्येक झाडाची बदलायची नसते. पाणी घातल्यावर ते क्षणात खालून निघून जातं का, तळाच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का, एवढं बघा. शंका असेल तर कुंडी आडवी करून झाड अलगद सरकवा. माती दिसण्याऐवजी कुंडीच्या आकाराचा पांढऱ्या मुळांचा गुंडाळा दिसला तर वेळ झाली. तो गुंडाळा तसाच नव्या मातीत ठेवू नका, मुळं गोल गोलच फिरत राहतील. बोटांनी खालून मोकळी करा, फार घट्ट असतील तर बाजूने तीन-चार उभे काप द्या. नवी कुंडी फक्त एक माप मोठी घ्या, आठ इंचातून दहा इंचात. ‘एकदाच मोठी घेऊ’ म्हणून चौदा इंचात लावलं तर मुळं न पोहोचलेली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळं कुजतात. तळाला खडीचा थर घालायची सवयही सोडा. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच अडून बसतं आणि ओली पातळी उलट मुळांच्या जवळ येते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. झाड आधी होतं तितकंच खोल बसवा, भरपूर पाणी द्या, आणि आठवडाभर कडक उन्हापासून लांब ठेवा.

बियांचं गणित हवेच्या उबेवर चालत नाही, मातीच्या उबेवर चालतं, आणि माती हवेमागून तापते. पालक, मुळा, वाटाणा थंड मातीतही उगवतात. टोमॅटो, मिरची, वांगी यांना 20 ते 30 अंश सेल्सिअस उबदार माती हवी. 10 अंशांच्या आसपास टोमॅटोचं बी नुसतं पडून राहतं आणि बरेचदा कुजतं. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल पेरा. लेट्यूस, पिटुनिया यांचं बारीक बी वरच पसरून दाबा, त्यांना उगवायला उजेड लागतो. छान उगवलेली इवली रोपं मातीलगत बारीक होऊन कोलमडली तर ती मर आहे. दाट पेरणी, साचलेली ओल आणि कोंदट हवा ही तिची कारणं. विरळ पेरा, पाणी खालच्या ताटलीतून द्या, वारा खेळू द्या.

घरात वाढलेली रोपं एकदम उन्हात न्यायची नाहीत. तुमची काही रोपं यातही गेली असण्याची मला दाट शंका आहे. घरातलं पान पातळ असतं, थेट उन्हात दोन तासांत त्यावर पांढरे, कागदासारखे डाग पडतात. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत सात ते दहा दिवसांनी पूर्ण उन्हात. घरातल्या शोभेच्या झाडांनाही हेच लागू.

आच्छादन, म्हणजे मातीवर पसरायचा वाळक्या पानांचा किंवा गवताचा थर, माती उबदार झाल्यावर घाला, आधी घातलंत तर गारठाच आत कोंडला जातो. पाच-सात सेंटीमीटरचा थर पुरतो, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते.

पाणी बोटाने ठरवा. दुसऱ्या पेरापर्यंत बोट मातीत घाला, कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत द्या, ओलं लागलं तर थांबा. थंडीतलं वेळापत्रक आता तोकडं पडतं, पण म्हणून रोज कपभर शिंपडू नका. त्याने मुळं वरच्या वरच राहतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड कोमेजतं.

कोवळ्या शेंड्यांवर मावा येणारच. त्याच्या माद्या नराशिवाय थेट पिल्लं घालतात आणि उबदार हवेत ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः पिल्लं घालू लागतात, म्हणून शेंडे दर दोन दिवसांनी उलटून बघा. सुरुवातीला पाण्याची जोरदार धार पुरते. नाहीच आटोक्यात आला तर लिटरभर पाण्यात 5 मिली कडुलिंबाचं तेल आणि थोडा सौम्य साबण घालून संध्याकाळी फवारा, आधी एका फांदीवर करून बघा. माव्याच्या गर्दीत काळपट अंगावर नारिंगी ठिपके असलेली, चिमुकल्या मगरीसारखी अळी दिसली तर तिला अजिबात मारू नका. ते ढालकिड्याचं पिल्लू आहे, रोज कित्येक मावे खातं. त्या फांदीवर फवाराही नको.

आता तुमची जास्वंद. एखाद्या काडीची साल शेंड्याकडे नखाने किंचित खरवडा. आत तपकिरी, कोरडं लागलं तर वीतभर खाली सरका, पुन्हा खरवडा. कुठेतरी ओलसर हिरवी रेघ दिसली तर तिथपर्यंत झाड जिवंत आहे. त्याच्या वरचं काढून टाका, खत देऊ नका, कुंडी बदलू नका, माती फक्त दमट ठेवा, कारण पान नसलेलं झाड पाणी फारसं पीत नाही. मातीपर्यंत सगळं तपकिरी निघालं तरी बागेतली बाकीची झाडं पूर्ण पालवेपर्यंत तिला जागेवरच राहू द्या. मुळं जिवंत असतील तर पहिला लालसर कोंब खोडाच्या अगदी बुंध्याशी, मातीलगत येईल. रोज तिथे बघा.