वाचकांचे प्रश्न : रिमोटचा सिग्नल भिंतीपलीकडे जात नाही

प्रश्न : एचटी12ई (बटणाचा संकेत तयार करणारा एन्कोडर) आणि एचटी12डी (तो ओळखणारा डीकोडर) या आयसी आणि 433 मेगाहर्ट्झचे तयार मॉड्यूल वापरून पाण्याच्या पंपासाठी रिमोट बनवला. टेबलावर छान चालतो, पण दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावरचा पंप सुरू होत नाही. सगळ्या ट्रान्समीटरला 5ऐवजी 12 व्होल्ट दिले, तर आता समोरासमोरही नीट चालत नाही. काय चुकलं? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी ते 12 व्होल्ट काढा. एचटी12ईच्या ऑसिलेटरची (आतल्या ठोके देणाऱ्या मंडलाची) गती व्होल्टेजबरोबर बदलते. डीकोडरची गती एन्कोडरच्या साधारण 50 पट असावी लागते. 5 व्होल्टवर एन्कोडरला 1 मेगओहम आणि डीकोडरला 51 किलोओहमचा रेझिस्टर लावला की ती जुळते. तुम्ही एकाच बाजूचं व्होल्टेज वाढवलंत आणि मेळ बिघडला. शिवाय 433 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना प्रक्षेपणशक्तीची मर्यादा 10 मिलीवॅटची आहे. शक्ती चौपट केली तरी मोकळ्या जागेत अंतर फक्त दुप्पट होतं, स्लॅबमधून तर त्याहून कमी.

खरी कमाई अँटेनात आहे. पाव तरंगलांबी म्हणजे 17.3 सेंटिमीटर. एवढी 22 गेजची एकेरी तार दोन्ही मॉड्यूलच्या एएनटी (अँटेना) असं लिहिलेल्या भोकात सोल्डर करा आणि सरळ उभी ठेवा. मॉड्यूलबरोबर येणारी स्प्रिंगसारखी गुंडाळी जागा वाचवते, पल्ला नाही. तेवढ्याच लांबीची दुसरी तार ग्राउंडला जोडून अँटेनाच्या उलट दिशेला सोडा. बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरला तिचा चांगला फायदा होतो. डबा प्लास्टिकचाच हवा. पत्र्याच्या स्टार्टर पेटीत रिसीव्हर बसवला असेल, तर अँटेना कितीही चांगली असली तरी उपयोग नाही.

रिसीव्हर स्वस्तातला हिरवा सुपर-रिजनरेटिव्ह (साध्या रचनेचा) असेल तर तो बदलून सुपरहेटरोडाइन (अधिक चांगली निवड करणाऱ्या रचनेचा), उदाहरणार्थ आरएक्सबी6, घ्या. मोबाइल चार्जरचा विद्युत गोंगाट रिसीव्हरपर्यंत पोचू देऊ नका: ट्रान्सफॉर्मर, 7805 (5 व्होल्टचा रेग्युलेटर), आणि रिसीव्हरच्या पायांलगत 100 मायक्रोफॅरड व 0.1 मायक्रोफॅरड कपॅसिटर. रिले ओढताना व्होल्टेज पडलं की डीकोडर गडबडतो, म्हणून रिलेचा पुरवठा वेगळा घ्या आणि कॉइलवर 1एन4007 डायोड उलटा लावा.

चाचणी पंपावर नको. एचटी12डीच्या 17व्या पायावर (व्हीटी, म्हणजे योग्य संकेत मिळाल्याची खूण देणारा पाय) 470 ओहममधून एलईडी लावा. बटण दाबून धरल्यावर तो स्थिर पेटला तर सिग्नल पुरेसा आहे. लुकलुकला तर रिसीव्हर खिडकीकडे एक-दोन फूट सरकवून पाहा. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे तेवढ्या हलवण्यानेही फरक पडतो.