बनावट ऑनलाइन दुकानात गेलेले पैसे परत मिळतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही विक्रोळीला राहता. इन्स्टाग्रामवरची जाहिरात बघून एका वेबसाइटवरून मिक्सर मागवला, ५,४०० रुपये यूपीआयने भरले, आणि चौथ्या दिवशी ती वेबसाइटच उघडेनाशी झाली. आता एक माणूस तीस टक्के घेऊन पैसे 'रिकव्हर' करून देतो म्हणतोय. त्याला द्यावेत का, आणि एवढ्याशा रकमेसाठी पोलिसांत जाऊन काही होतं का?

त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. पोलिसांत जाऊन मात्र होतं, सगळं होतं असं नाही. माझे १४,४९८ रुपये गेले होते, त्यातले १०,०९९ परत आले. सात महिने लागले.

मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांच्या व्हाउचरमधल्या चुका काढते. हे आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला स्वतःबद्दल फार वाईट वाटणार नाही. आई मुलुंडला गव्हाणपाड्यात घरीच फॉल-पिकोचं काम करते. तिचं मशीन सारखं धागा तोडायचं, म्हणून २०२४ च्या दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी तिला न सांगता एका वेबसाइटवरून नवं मागवलं. नावाजलेल्या कंपनीच्या साइटची हुबेहूब नक्कल होती, किंमत निम्म्याहून कमी. ६,९९९ रुपये डेबिट कार्डाने भरले, ओटीपी टाकला, झालं.

सोमवारी दुपारी फोन. माल भिवंडीच्या गोदामात आलाय, जीएसटीचे २,९९९ आधी भरा, डिलिव्हरीबरोबर परत मिळतील. भरले. संध्याकाळी पुन्हा फोन, आता 'इन्शुरन्स'चे ४,५००. हे मी ठाणे स्लोच्या लेडीज डब्यात, दादर ते कुर्ल्याच्या मध्ये, एका हाताने कडी धरून भरले. गर्दीत फोन कानाला लावून समोरचा घाई करत असला की डोकं चालतच नाही. मुलुंडला उतरते तोवर तिसरी मागणी आली, ५,९९९ ची. तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

या फसवणुकीत पैसे दोन वेगळ्या वाटांनी गेले, कार्डाने आणि यूपीआयने, आणि परत आले तेही आपापल्या वाटेनेच. बँक, पोलीस, ग्राहक मंच अशा सगळ्या दारांवर एकाच वेळी डोकं आपटण्याआधी आपले पैसे नेमके कुठून कुठे गेले ते बघायचं. ते कळलं की कुठलं दार ठोठावायचं हे आपोआप कळतं.

आधी यूपीआयचं सांगते, कारण तुमचं तेच आहे. मी प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून १९३० ला फोन लावला. ही सायबर आर्थिक फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. लाइन व्यस्त होती, पाचव्यांदा लागली. त्यांनी विचारलं ते एवढंच: माझं नाव, बँक, किती वाजता किती रक्कम गेली, समोरचा यूपीआय आयडी आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक. हा बारा आकडी नंबर अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की खाली दिसतो. फोन करण्याआधी तो कागदावर लिहून ठेवा. मी बोलता बोलता शोधत बसले, त्यात दोन मिनिटं गेली, आणि या कामात दोन मिनिटंही कमी नसतात.

कमी का नसतात ते पुढे पोलीस ठाण्यात कळलं. पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिलं खातं कुणीतरी कमिशनवर वापरायला दिलेलं असतं, त्यातून ते दोन-चार खात्यांत फुटतात, तिथून आणखी पुढे, आणि शेवटी कुठल्या तरी एटीएममधून रोख निघतात. पोलीस याला 'लेयर' म्हणतात. हेल्पलाइनवर तक्रार गेली की ती त्या बँकेला कळवली जाते, बँक खात्यात जे काही शिल्लक असेल त्याच्यावर होल्ड लावते आणि पुढे गेलेल्या पैशांचा माग पुढच्या बँकेकडे जातो. म्हणजे शर्यत आहे. माझे दुपारचे २,९९९ केव्हाच निघून गेले होते. संध्याकाळच्या ४,५०० मधले ३,१०० दुसऱ्या लेयरवर अडकले, कारण पैसे भरल्यापासून तासाच्या आत मी फोन केला होता.

तुमचे चार दिवस झालेत. खोटी आशा दाखवत नाही, पण तरी आजच फोन करा. एक तर चोर दर वेळी खातं पूर्ण रिकामं करतोच असं नाही. दुसरं म्हणजे त्याच खात्यावर इतरांच्या तक्रारी आधीच गेल्या असतील तर ते खातं गोठलेलं असू शकतं. फोननंतर मोबाइलवर तक्रारीचा नंबर येतो. मग चोवीस तासांच्या आत नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर जाऊन सविस्तर तक्रार पूर्ण करायची. बरेच जण फोन केला की काम झालं असं समजून इथेच थांबतात.

बँकेलाही लेखी कळवा. पण बँक तुम्हाला काय सांगेल ते आधीच सांगते: 'मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय.' मी तावातावाने रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाची प्रत घेऊन गेले होते. तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, असं सगळीकडे फिरत असतं ना, ते हेच. शाखेतल्या बाईंनी शांतपणे दाखवून दिलं की ते परिपत्रक तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांबद्दल आहे. फसून का होईना, पैसे आपल्या हाताने पाठवले असतील तर त्याचा आधार मिळत नाही. राग आला, पण बाईंचं बरोबर होतं. त्या मुद्द्यावर भांडण्यात वेळ घालवू नका. बँकेकडून पाहिजे ते एवढंच: तक्रारीची पोच, आणि तो व्यवहार नोंदलेलं सही-शिक्क्याचं स्टेटमेंट.

एक गोष्ट मात्र आज तपासा. तुम्ही पैसे थेट कुणाच्या तरी यूपीआय आयडीवर पाठवलेत, की वेबसाइटवरच्या पेमेंटच्या पानावरून भरलेत? पेमेंटच्या पानावरून भरले असतील तर मध्ये एक पेमेंट गेटवे कंपनी असते, आणि ती दुकानदाराला पैसे त्याच क्षणी देत नाही, एखाद-दोन दिवसांनी किंवा आणखी उशिरा देते. गेटवेचं नाव पावतीच्या ईमेलमध्ये किंवा स्टेटमेंटवर सापडतं. त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सायबर तक्रारीचा नंबर घालून मेल टाका. दुकान पळालं तरी गेटवे कंपनी खरी असते, तिला पत्ता असतो.

आता कार्डाचं. इथे मला यश आलं, आणि ज्या गोष्टीने आलं ती गंमतशीर आहे. कार्डाने भरलेल्या पैशांसाठी 'चार्जबॅक' मागता येतो, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत उलटे परत मागायचे, डेबिट कार्डावरही. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म भरायचा आणि कारण लिहायचं: माल मिळाला नाही, किंवा दाखवला तो नाही. याला मुदत असते, कार्डाप्रमाणे बदलते, म्हणून पोलिसांचं काय होतंय याची वाट बघत बसायचं नाही. मी मंगळवारीच फॉर्म दिला.

आणि शनिवारी चक्क पार्सल आलं! प्लास्टिकचं छोटं पाकीट, आत सुईत दोरा ओवायचं ते पत्र्याचं चिमुकलं साधन, दहा रुपयाला मिळतं ते. आई म्हणाली, 'शिवणाचंच पाठवलंय की गं.' मला तेव्हा तो नुसता चावटपणा वाटला. तीन आठवड्यांनी बँकेचं पत्र आलं तेव्हा उलगडा झाला: दावा फेटाळला, कारण कुरिअरच्या नोंदीत माल 'डिलिव्हर्ड' आहे. पाकीट पाठवायचं कारणच ते. गेटवेने पुरावा मागितला की दुकान कुरिअरची पोच पुढे करतं.

नशिबाने पाकीट टाकलं नव्हतं. त्याच्यावरचं लेबल नीट बघितलं तर बारकोडच्या खाली, अगदी बारीक अक्षरात, वजन छापलेलं होतं: ०.११० किलो. एकशे दहा ग्रॅम! पिकोचं मशीन सहा-सात किलोचं तरी असतं. आईच्या जुन्या मशीनचं डोकं मी समोरच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून फोटो काढला (वाणी अजून चिडवतो), लेबलचा फोटो, ऑर्डरच्या ईमेलमधलं मशीनचं चित्र, तिन्ही जोडले आणि दावा पुन्हा उघडायला लावला. सोबत पोर्टलवरच्या तक्रारीची प्रत. डिसेंबरच्या मध्यावर ६,९९९ खात्यात जमा झाले. तेव्हा तुमच्याकडेही असं काही फुटकळ पाकीट आलं तर फेकू नका, आणि उघडताना लेबलपासून सलग व्हिडिओ काढा.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. मला तिथवर जावं लागलं नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ लाही मी फोन केला होता. माणसं चांगली बोलतात, पण त्यांचं काम दुकानदाराशी बोलणी करून देणं आहे, आणि इथे बोलायला दुकानदारच नाही.

राहिले ते अडकलेले ३,१००. होल्ड लागला म्हणजे पैसे आपल्या खात्यात आले असं नव्हे, हे मला चार महिने कुणी सांगितलंच नाही. ते त्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यात पडून असतात. माझ्या वेळी ते सोडवायला न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, जुन्या कायद्यात ते ४५७ होतं. अर्जाला तक्रारीची प्रत, स्टेटमेंट, आधार जोडलं. त्यावर कोर्ट पोलिसांचा 'से' मागवतं, म्हणजे रक्कम कुठल्या बँकेत, कुठल्या खात्यात अडकली आहे आणि ती अर्जदाराला द्यायला हरकत आहे का, हे पोलिसांनी लिहून द्यायचं. इथेच सगळं रेंगाळतं. पहिल्या तारखेला से आलाच नव्हता. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी मी ऑफिसला अर्धा दिवस टाकून पोलीस ठाण्यात जाऊन बसले, हवालदारसाहेबांनी समोर टाइप करून दिला. त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्यांच्या फायलींचा गठ्ठा कमरेइतका होता, त्यामुळे त्यांच्यावर राग धरवत नाही. आदेश झाल्यावर हमीपत्र दिलं, आदेशाची सर्टिफाइड कॉपी त्या बँकेला पोचली, आणि मे महिन्यात पैसे आले. वकील ऑफिसातल्या मैत्रिणीचा भाऊ होता, त्याने टायपिंग आणि झेरॉक्सचेच घेतले. पूर्ण फी देऊन ३,१०० सोडवण्यात अर्थ नव्हता, हेही खरं. तुम्ही पहिल्याच भेटीत तपास अधिकाऱ्याला तीन गोष्टी विचारा: माझी किती रक्कम होल्ड आहे, कुठल्या बँकेत, आणि ती सोडवायची सध्याची पद्धत काय. 'होल्ड शून्य' असं उत्तर आलं तर कोर्टाची पायरी चढण्यात काही हशील नाही, हेही तिथल्या तिथे कळेल.

ठाण्यात 'रक्कम लहान आहे' म्हणून परत पाठवायला बघतील. मलाही दोनदा 'सायबरला जा' सांगितलं. भांडले नाही, पोर्टलच्या तक्रारीची छापील प्रत पुढे ठेवून 'ही कुणाकडे दिली आहे तेवढं बघून सांगा' म्हटलं. त्यावर कॉम्प्युटर उघडावाच लागतो.

आता तुमचा तीस टक्केवाला. मी त्या बनावट साइटच्या जाहिरातीखाली रागाने लिहून आले होते, दोन दिवसांत मलाही तिघांचे मेसेज आले. एकाने तर सायबर सेलचं ओळखपत्र पाठवलं, फोटोतला खाकी शर्ट आणि चेहरा दोन वेगळ्या माणसांचे वाटत होते. 'फाइल चार्ज' फक्त २,०००. दुसरा म्हणाला, एक अ‍ॅप टाका, स्क्रीन शेअर करा, रिफंड मी लावून देतो. तिसऱ्याने क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो द्यायला. बरेचदा ही माणसं त्याच टोळीची असतात किंवा फसलेल्यांची यादी विकत घेतलेली. होल्ड झालेली रक्कम बँक सोडते ती ठरलेल्या सरकारी पद्धतीने, कुणाच्या ओळखीवर नाही. तेव्हा हा माणूस तुमच्यासाठी करणार काय? तीस टक्के 'नंतर' म्हणतोय ना, दोन दिवसांत बघा, काहीतरी 'आधी' निघेल.

आणि तुम्ही प्रश्नाला जोडलेला पेमेंटचा स्क्रीनशॉट आत्ताच काढून टाका. त्यात यूटीआर, बँकेचं नाव आणि तुमचा मोबाइल नंबर तिन्ही दिसतायत. त्या तीस टक्केवाल्याला तुम्ही बहुतेक तिथूनच सापडलात.