रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी पाठ कित्येक महिने दुखतेय. म्हणजे हे दुखणं मनाचं आहे का?
नाही, दुखणं खरंच आहे. पण ते टिकून राहण्यात मनाचा वाटा मोठा असू शकतो. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेच्या २०२०च्या व्याख्येतही वेदना हा संवेदनेसोबत भावनिक अनुभव मानलाय, आणि इजा सापडलीच पाहिजे अशी अट तिथे नाही. ३ महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्यात सगळ्यात वाईट चक्र भीतीचं असतं: वाकलं तर काहीतरी मोडेल म्हणून हालचाल टाळायची, मग स्नायू कमजोर होतात, झोप बिघडते आणि तीच हालचाल आणखी दुखते. हे नुसतं वाचून सुटत नाही. टाळलेली हालचाल फिजिओथेरपिस्टला विचारून रोज थोडी-थोडी करत गेलात, तरच ती भीती ओसरते. मात्र पायात नव्याने अशक्तपणा, लघवीवरचा ताबा सुटणं, ताप किंवा विनाकारण वजन घटणं असेल, तर आधी लगेच डॉक्टरांना दाखवा.